गच्चीवरची मोटारीची दुर्बीण

होय, धुळ्यात देवपूरला आमच्या गच्चीवर मोटारीची दुर्बीण आली आहे. रिमोटवर नाव निवडायचं, की ती गुरगुरत वळते आणि तारा समोर आणून ठेवते. ज्यांना हसायचंय त्यांनी हसून घ्यावं.

हसणारे बरेच आहेत, आणि त्यांना हसायला मीच शिकवलंय. धुळ्यातला आमचा आकाशवेड्यांचा गट जुना आहे. त्यात नवखा कुणी आला आणि ‘दुर्बीण कुठली घेऊ?’ म्हणाला, की उत्तर द्यायचं काम माझं. जळगावच्या शाळांतूनसुद्धा मी हेच सांगत फिरलो. पहिली दुर्बीण हाताने फिरवायची घ्या. तेवढ्याच पैशात आरसा मोठा मिळतो, बॅटरी संपायची भीती नाही आणि शोधता शोधता आकाश पाठ होतं. बटण दाबून तारे बघणं म्हणजे दुसऱ्याने घास भरवणं, असंही म्हणायचो. त्यावर टाळ्या पडायच्या.

यातलं पहिलं सगळं आजही खरं आहे. घास भरवण्याचं तेवढं मी मागे घेतो. कारण घरात मी नेमकं तेच करत होतो, आणि तेही धड करत नव्हतो.

माझी हातची दुर्बीण लाकडी खोक्यावर फिरणारी, जड. महिन्यातून एकदा गट आमच्याकडे जमायचा. आकाश सरकेल तशी नळी हाताने सरकवत मी शनी धरून ठेवायचो आणि पाहुणे आधी म्हणून एकेकाला डोळा लावू द्यायचो. गटात सगळ्यांत ज्येष्ठ ते नाना, पहिला मान त्यांचा. घरातल्यांनी शेवटी. आमच्याकडे ही रीत कुणाला शिकवावी लागत नाही. बायको खाली चहा करायची, कप घेऊन वर यायची आणि उभी राहायची. तिची पाळी येईतो शनी शेजारच्या पाण्याच्या टाकीमागे गेलेला असायचा. ‘पुढच्या वेळी नक्की,’ मी म्हणायचो. मोकळे कप घेऊन ती जिना उतरायची.

असं एकदा झालं असतं तर लिहायची गरज नव्हती. आमच्या लग्नाइतकं जुनं आहे ते. गट नसेल त्या दिवशी तिला दाखवता आलं असतं. पण त्या दिवशी मी दमलेलो असायचो, नाहीतर साक्रीकडच्या कुणाच्या मळ्यात, अंधार चांगला म्हणून गेलेलो असायचो. दुर्बीण घरीच असायची, पण ती कशी फिरवायची हे मी तिला कधी शिकवलं नाही. ‘तुला जमायचं नाही, जड आहे,’ एवढंच.

मागच्या वर्षी ती गच्चीवर यायची बंद झाली. चहा जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवायची आणि तिथूनच हाक मारायची. मी एकदा म्हटलं, ‘ये ना, आज शनी छान दिसतोय.’ साक्रीकडच्या खेड्यातली ती. घरात माझ्याशी प्रमाण बोलते, पण चिडली की माहेरची बोली येते.

‘बठ्ठास्ले दाखाडं तुमी. माले नही.’

सगळ्यांना दाखवलं, तिला नाही, हे खरंच होतं. मी म्हटलं, ‘तुझ्यासाठी वेगळी छोटी घेऊ. हाताचीच. मी शिकवतो.’

‘नको,’ ती म्हणाली. ‘हाताची म्हणजे तुमच्या हाताची. परत तुमचीच वाट बघायची. मला ती रिमोटची आणा. ती तरी माझं ऐकेल.’

माझं तत्त्व काय कामाचं होतं ते त्या दिवशी कळलं. आकाश पाठ असलेला माणूस घरात एकच राहावा, हे मला आवडत होतं. ते मी शिस्त म्हणून विकलं.

दुर्बीण आली. गटाच्या बैठकीत नानांनी सगळ्यांदेखत विचारलं, ‘काय भाऊ, आता आकाशालाही ड्रायव्हर ठेवला का?’

‘ड्रायव्हर इतकी वर्षं मीच होतो, नाना,’ मी म्हटलं. ‘आता मालकीण स्वतः चालवणार. आणि तुम्हाला बघायची असेल तर तिला विचारा, मला नाही.’

नानांचा चेहरा उतरला. वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतले नाहीत.

दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी, जेवणाआधी, ती दुर्बीण घेऊन बसली. नानाही आले होते, खुर्चीत बसून होते. सुरुवातीला रिमोटला गाव, तारीख, वेळ सांगावी लागते. मग एकदोन ठळक तारे नेमून दिले की बाकीचं आकाश तो आपलं आपण ओळखतो. त्याच्या यादीत धुळं नव्हतं. तिने मोबाईलवरून अक्षांश-रेखांश काढून घातले. मग यादीतलं व्हेगा हे नाव वाचून म्हणाली, ‘हा अभिजित.’ मी बघतच राहिलो. कप गोळा करताना ऐकलं होतं तिने सगळं.

बटण दाबलं. दुर्बीण वळली आणि शेजारच्या टाकीवर येऊन थांबली.

नाना खुदकन हसले. ‘मोटारीला तहान लागली वाटतं!’

चूक काय ते मला लगेच कळलं. तो रिमोट महिना आधी विचारतो, तिने आपल्या सवयीने दिवस आधी घातला होता. माझा हात पुढे गेला, दुर्बिणीला लागलासुद्धा.

‘हात मांगे,’ ती म्हणाली. ‘हाई मनी दुर्बीन शे.’

दुर्बीण तिची होती, मी हात मागे घेतला. सांगायचं जिभेवर होतं, तेही गिळलं. ती एकेक बटण दाबत मागे गेली, पुन्हा वाचलं, थांबली, आणि कपाळावर हात मारून घेतला. तारीख बदलली. या वेळी दुर्बीण टाकी सोडून वर गेली. अभिजित सापडला, मग श्रवण. मग तिने शनी मागितला.

बराच वेळ डोळा लावून होती. यंदा शनीचं कडं आपल्याकडे कडेने वळलेलं आहे, अगदी बारीक दिसतं.

‘मण्यात सुई ओवल्यासारखं,’ ती म्हणाली. ‘एवढ्यासाठी मला इतकी वर्षं थांबवलं?’

नाना उठले. सवयीने नळी धरायला गेले, तिने नुसतं बघितलं, तसे दोन्ही हात पाठीशी बांधून वाकले. त्यांच्या मागे मी उभा राहिलो.

‘तुम्ही नंतर,’ ती मला म्हणाली. ‘आधी चहा टाकून या.’

मी खाली गेलो. दूध उतू जाऊ दिलं नाही, घाईही केली नाही. वर आलो तोवर शनी टाकीमागे गेला असता तरी तक्रार नव्हती माझी.

अजून गेला नव्हता. मोटारीने तो नळीत धरून ठेवला होता.