इनामदार काकांचं भाजलेलं बोट

इनामदार काकांवर लिहिण्याचा अधिकार मला आहे का, हे अजूनही मला ठरवता आलेलं नाही. ते माझे नातेवाईक नव्हते. माझी आई दिल्लीत त्यांच्या द्वारकेतल्या घरी स्वयंपाक करते, ओळख एवढीच. त्यांना तरुणपणापासून ओळखणारी माणसं आहेत, त्यांनी लिहायला हवं होतं. मी लिहिणाऱ्यांतलाही नाही. काही चुकलं तर माफ करा... पण काही आठवड्यांपूर्वी होस्टेलवर आईचा फोन आला, "काका गेले रे," आणि तेव्हापासून हे कुणाला तरी सांगावंसं वाटतंय.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. बाबा एका सरकारी कार्यालयात शिपाई आहेत. बारावीनंतर मला केमिकल इंजिनियरिंग करायचं होतं. कारण काय, तर रसायनशास्त्र मनापासून आवडायचं. पण एवढंच कारण सांगायला संकोच वाटायचा. आई म्हणाली, "म्हणजे फिनेल बनवणार का तू?" बाबांच्या ऑफिसात सगळे सांगायचे, कंप्यूटर दिलवाओ, बाकी सब बेकार है. बाबांची भीती साधी होती. एवढं शिकून पोरगा घरीच बसला तर? खरं म्हणजे ती माझीही भीती होती.

काका स्वतः केमिकल इंजिनियर. मानेसरच्या एका कारखान्यात गाड्यांच्या रंगकामाचा विभाग सांभाळून निवृत्त झालेले. आईने फिनेलची गोष्ट त्यांना सांगितली असावी, कारण मी तिला न्यायला गेलो की ते आतूनच ओरडायचे, "आले का फिनेलवाले?" एकदा धीर करून मी दोन कॉलेजांची माहितीपत्रकं त्यांच्यासमोर ठेवली. एक गुडगावच्या पुढचं, काचेच्या इमारतींचं नवं खासगी विद्यापीठ. दुसरं रेल्वेने बरंच लांब असलेलं जुनं सरकारी कॉलेज. काकांनी ती उघडलीसुद्धा नाहीत. "अरे यार, फोटो बघून स्थळ पसंत करतोस? चल, घर बघून येऊ."

नव्या विद्यापीठात टाय लावलेला एक मुलगा आम्हाला प्रयोगशाळेत घेऊन गेला. द्रव तापवून त्यातले घटक वेगळे करायचा एक उंच कॉलम तिथे चकाकत उभा होता. मी तर बघतच राहिलो. काकांनी त्याच्या पाइपावर बोट ठेवलं आणि ते बोट मला दाखवलं. धूळ होती. "बेटा, ये चलता है?" त्यांनी विचारलं. "सर, डेमो के टाइम चलता है." "डेमो कब है?" "सर, अभी तो अ‍ॅडमिशन चल रहे हैं..." काका अगदी गंभीरपणे "अच्छा" म्हणाले आणि गेटबाहेर येईपर्यंत हसू दाबत राहिले.

पुढच्या आठवड्यात जुन्या कॉलेजात गेलो. भिंतींचे पोपडे निघालेले, जिन्यात दिवा नाही. माझा चेहरा उतरला होता. प्रयोगशाळेत मात्र घामाघूम मुलं झडपांशी झटत होती, कुठून तरी वाफ सुसाट सुटत होती. काकांचा हात सवयीने पाइपाकडे गेला. "अंकल, हाथ मत लगाना!" एक मुलगी ओरडली, पण उशीर झाला होता. परतीच्या गाडीत काका थंड पाण्याच्या बाटलीला बोट लावून बसले होते, आणि इतके खूश होते की समोरचा प्रवासी बघत राहिला. "हेच कॉलेज," ते म्हणाले. "बोट भाजलं बघ!"

मी विचारलं, "पण काका, नोकरी मिळेल ना?"

काकांनी बाटली बाजूला ठेवली. "ते मला नाही सांगता येणार. खोटं कशाला बोलू? पण काम येत नसताना नोकरीत बसलेली माणसं मी पाहिलीत, आणि काम येत असताना थांबावं लागलेलीही. थांबणं बरं असतं, एवढं सांगतो."

त्याच जुन्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला मला नोकरीसाठी खरंच थांबावं लागलं. वर्गातले निम्मे मित्र सॉफ्टवेअरमध्ये गेले. बाबा फोनवर काही विचारत नसत, आणि तेच जास्त जड वाटायचं. अखेर एका खत कारखान्याने मुलाखतीला बोलावलं, आणि नेमके तेव्हाच काका गेले. दफन आटोपून कब्रस्तानातून परत आल्यावर मी त्यांच्या दिवाणखान्यात कोपऱ्यात बसलो होतो. काकू जवळ आल्या. डोळे सुजलेले, पण आवाज नेहमीचा. "परवा मुलाखत आहे ना? मग इथे काय बसलास? ते असते तर हाकललं असतं तुला." मी उठलो.

मुलाखतीत एका बाईंनी विचारलं, "तुमच्या प्रयोगशाळेतला कॉलम खरंच चालतो?" मी हो म्हणालो. तो कधी रुसतो, त्याला कसं वठणीवर आणतो, हे सांगताना किती बोललो ते कळलं नाही. एरवी मला अनोळखी माणसांसमोर शब्द सुचत नाहीत.

त्यानंतर कारखान्याकडून काहीच कळेना. परीक्षेआधीच्या सुट्टीत घरी आलोय, म्हणून काल आईला न्यायला द्वारकेला गेलो होतो. काकू ओट्याशी आईसोबत मेथी निवडत होत्या, आणि माझा फोन वाजला. पलीकडचा माणूस इंग्रजीत भराभर बोलत होता. मी फक्त "येस सर, येस सर" म्हणत होतो. फोन ठेवला तेव्हा दोघी माझ्याकडे बघत होत्या. परीक्षा संपली की रुजू व्हायचंय, प्लँटवर, शिफ्टमध्ये, असं मी कसंबसं सांगितलं.

आईला त्यातलं किती समजलं कोण जाणे. ती काकूंकडे वळली. "म्हणजे काय हो, ताई?"

काकूंनी तिच्या हातातली जुडी काढून बाजूला ठेवली.

"म्हणजे झालं गं, सुनंदा. पोरगा लागला."