नणंदेने आणलेली कुलपं

बारा वर्षं परदेशात काढून माझी नणंद कायमची परत आली, तेव्हा मी मेली सेंटच्या बाटलीची वाट बघत होते. तिने पिशवी उघडली आणि प्रत्येकाच्या हातावर एकेक लाल कुलूप ठेवलं. आमचे हे म्हणाले, "आम्ही काय चोर वाटलो तुला?" सगळे हसले. मी ते कुलूप साखरेच्या कपाटाला लावून टाकलं.

घराच्या खालीच आमची लॉंड्री आहे. दवाखान्यांच्या चादरी धुवायच्या, मोठ्या गरम रोलरमधून इस्त्री करून काढायच्या. चादर अडकली की बटण बंद करायचं, "हात आत आहे" असं ओरडायचं आणि हात घालायचा, ही सासऱ्यांपासूनची पद्धत. एवढ्या घरघरीत ते कुणाला ऐकू गेलं तर नशीब. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी ह्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं त्या पद्धतीपायी गेली. आल्यागेल्याला हे तो हात दाखवतात आणि सांगतात, "बटण दाबलं गेलं."

नणंद तिकडे अशाच लॉंड्रीत होती. तिथे रोलरला हात लावणारा प्रत्येक माणूस आधी मेन स्विच बंद करून त्याला आपलं कुलूप घालतो आणि किल्ली स्वतःकडे ठेवतो. दोघं असतील तर दोन कुलपं. शेवटचं निघेपर्यंत कुणाच्या बापाला यंत्र चालू करता येत नाही. तिने इथेही तेच सुरू केलं आणि आठवड्याभरात तिची कुलूपताई झाली.

तिचं दुसरंही काही इथे बसेना. दुकानात रांग धरून उभी राहायची आणि मागून आलेले सगळे पुढे जायचे. मैत्रिणीकडे जाण्याआधी फोन करायची, तर मैत्रीण म्हणायची, परकी झालीस. घरी यायला आसुसलेली बाई घरातच पाहुणी झाली. मला दिसत होतं आणि तरी मी हसण्यात सामील होते, हे कबूल करते.

त्या मंगळवारी दवाखान्याची गाडी दारात येऊन उभी राहिली आणि नेमकी चादर रोलरला गुंडाळली गेली. नणंदेने कुलूप लावलं, रोलर निवेपर्यंत शांतपणे थांबली, मग कोपरापर्यंत हात घालून चादर सोडवायला लागली. ह्यांचा धीर कधीच सुटला होता.

"किल्ली दे. रोलर जरा फिरवला की सुटेल चादर."

"हात बाहेर आला की देते."

"लॉंड्री माझी आहे."

"हात माझा आहे, दादा."

"तिकडचं एवढं कौतुक असेल तर परत जा तिकडे."

जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही. नणंद वळलीसुद्धा नाही. "तिकडे कुणाशी वाजलं की तेही हेच म्हणायचे, परत जा. आले परत. आता पुढचा पत्ता तू सांग."

ह्यांनी कोपऱ्यातली लोखंड कापायची करवत उचलली आणि कुलूप कापायला गेले. उरलेल्या तीन बोटांत करवतीची मूठ नीट बसेना. दोनदा निसटली, दोनदा त्यांनी ती पुन्हा धरली. मला बघवेना.

बटण आपोआप दाबलं जात नाही. ते मी दाबलं होतं. ह्यांचं ओरडणं मला ऐकू आलं नव्हतं आणि चौदा वर्षं ह्यांनी माझं नाव कुणाला सांगितलं नाही.

मी वर गेले, साखरेच्या कपाटाचं कुलूप काढलं, खाली येऊन नणंदेच्या कुलपाशेजारी अडकवलं आणि किल्ली कमरेला खोचली.

"आता कापायचीच असतील तर दोन्ही कापा," मी ह्यांना म्हणाले.

हे करवत धरून उभेच राहिले. मी नणंदेच्या शेजारी जाऊन रोलरमध्ये दोन्ही हात घातले. बटणापाशी कोण उभं आहे, ते बघायला त्या दिवशी मी पहिल्यांदाच मागे वळले नाही.