एलोजीकाकांचं सरकार

एलोजीकाका गेल्याचा निरोप आला तेव्हा मी नाटकाच्या तालमीत अर्धी मिशी चिकटवून खलनायक झालो होतो. उरलेली मिशी हातातच राहिली... त्याला आता महिना झाला. काका आमच्या नागावात तेलाचा घाणा चालवत. धर्मानं ज्यू. एवढं सांगून थांबायला हवं. पण थांबणं मला कधी जमलं नाही, आणि हे लिहिणं त्याबद्दलच आहे.

नारळाच्या वाडीचे कासमभाई त्यांचे लहानपणापासूनचे मित्र. ते काकांना ‘एल्या’ म्हणत, काका त्यांना ‘काश्या’. फाळणीच्या दिवसांत गावातले टवाळ "कासमभाई, कराचीला कधी?" असं विचारू लागले, तेव्हा काका घाणा बंद ठेवून आठवडाभर त्यांच्या ओटीवर जाऊन बसले. कुणी तोंड उघडलं की म्हणत, "मला इचार. त्याचा कारभारी मी हाय."

छप्पन साली इस्रायलच्या फौजा इजिप्तमध्ये घुसल्या. मी हॉटेलात पेपर मोठ्यानं वाचत होतो. समोर श्रोते असले की मला आवरत नाही. काका दारात दिसताच उठून मुजरा केला. "या सरकार. इजिप्तचा ताबा कधी घेताय?" सगळे हसले. काकाही हसले. कासमभाई तेवढे हसले नाहीत.

मग जो तो विचारू लागला, "एलोजीशेठ, तुमचं सरकार माघार कधी घेतंय?" काका सांगत, "माझं सरकार दिल्लीला. मत हितंच दिलंय, तुझ्याच मागं रांगेत हुतो." कुणी ऐकेना. माझा विनोद इतका रंगला, की तो मलाच बंद करता येईना. त्याच सुमारास काकांकडे मलिदा झाला. एलियाहू हन्नबी या त्यांच्या प्रेषिताच्या नावानं पोहे, नारळ, साखर, फळं... दरवर्षीसारखं कासमभाईंकडे ताट गेलं. ते झाकलेलंच परत आलं.

मी म्हटलं, "काका, त्यांना कराचीची आठवण करून देतो."

"न्हाय मास्तर. मग मी केलं त्यो उपकार ठरंल."

"मग इस्रायलच्या लोकांशी तुमचा संबंध नाही, एवढं तरी सांगा."

ते घाण्याच्या लाकडावर हात ठेवून उभे राहिले. "बहीण हाय माझी तिकडं. देव आमचा एकच. ते न्हाय कसं म्हणू? पण फौज काय मला इचारून निघाली व्हय? आता ह्ये काश्यालाबी सांगायला लागावं..."

मी कासमभाईंची माफी मागायला गेलो. त्यांनी चहा दिला. मी विषय काढला, तर म्हणाले, "यंदा नाटक कुठलं, मास्तर?" पुढं ते तेलाला घाण्यावर येत राहिले, पण ‘एल्या’चं ‘एलोजीशेठ’ झालं ते शेवटपर्यंत. काकांना खांदा त्यांनीच पहिला दिला.

घाणा आता दुसऱ्या माणसानं घेतलाय. काका शनिवारी, त्यांच्या धर्मातल्या विश्रांतीच्या दिवशी, कधी बैल जुंपत नसत, हा जुंपतो. परवाच्या शनिवारी कासमभाई रिकामी बाटली घेऊन आले. आत घाण्याची करकर चालू होती. दारात थांबले, ऐकत राहिले, आणि बाटली तशीच घेऊन मागे फिरले. मी समोरच्या ओट्यावर होतो. हाक मारायला तोंड उघडलं, आणि या वेळी थांबलो.