वर न जाणारी नजर

लग्नाला वर्ष झालं नसेल, तेव्हा माझी नजर वर जायची बंद झाली आणि पडेगावात माझं कौतुक सुरू झालं. "सून लई गुणाची, कुणापुढं डोळा वर नाय करत," असं बायका सासूबाईंना सांगायच्या आणि सासूबाई फुगायच्या. इकडं माझं डोकं ठणकायचं, दोरीवरचं लुगडं बघायलासुद्धा मान मागं टाकावी लागायची. पण असल्या कौतुकापुढं माझं कोण ऐकणार?

आमच्या घरी शेळ्या होत्या. एकदा त्यातली एक गोठ्याच्या पत्र्यावर चढली. तिच्या गळ्यातली घंटी वाजली. डोळे आपसूक तिकडं जायला हवे होते, ते जागचे हलले नाहीत. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "लाजतीस तू, दुसरं काय नाय."

"लाजून डोकं दुखत नाय," मी म्हटलं. "उद्या दवाखान्यात चला, नायतर मी एकटी जाते."

तो तोंड वाकडं करत का होईना, आला.

डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. मेंदूच्या मधल्या भागात, मागच्या बाजूला चार बारके उंचवटे असतात. वरच्या दोघांकडं दिसण्याचं काम, खालच्या दोघांकडं ऐकण्याचं. काही हललं, वाजलं, की नजर तिकडं वळते ती त्यांच्यामुळं. माझ्या डोक्यात पाणी साचून नेमका तिथंच दाब आला होता. "आणखी थांबलात तर दिसायचंच बंद होईल," ते म्हणाले.

डोकं उघडायचं म्हटल्यावर सासूबाई हादरल्या. नवस बोलू म्हणाल्या.

"बोला की," मी म्हटलं, "पण ऑपरेशन होणार म्हणजे होणार."

झालं. तरी डोळे लगेच वर जाईनात. डॉक्टरांनी रोज सराव सांगितला होता, मी अंगणात हट्टानं बसायचे. सासूबाई लांबून बघायच्या. एका सकाळी त्यांनी शेळीच्या गळ्यातली घंटी सोडली, माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि ती स्वतःच्या कपाळापाशी धरून वाजवू लागल्या. "मान हलवू नको. वर बघ. आजून वर."

शेजारीण कुंपणापाशी थांबली. "आता सासूच्या डोळ्याला डोळा भिडवती व्हय?"

"भिडवू दे," सासूबाई म्हणाल्या. घंटी थांबली नाही. "लई दिवस झाले, पोरीनं माझं तोंड बघितलं नाय."