कस्तुराबाईनं आवळलेलं इंजिन

नवरा, दत्तोबा, श्रावणात गेला तेव्हा कस्तुराबाई रडली नाही, याचा राग कामशेतच्या त्या आळीनं चांगले चार महिने मनात धरला. बाया पदर तयार ठेवून गळ्यात पडायला गेल्या होत्या. आणि ही भिंतीला टेकून त्यांच्याकडं अशी बघत बसली, जणू शेजारच्या घरातलं कुणी गेलंय. बायांचा अगदी हिरमोड झाला. आलेलं रडं तसंच घरी घेऊन जायचं म्हणजे काय गंमत आहे?

"इंजिनापाशी राहून कान गेले होते, आता काळीज पण गेलं," असं अंबूबाईनं जाहीर केलं. अंबूबाई शेजारीण. तिच्या आणि कस्तुराबाईच्या घराला भिंत एकच, त्यामुळे तिचा शब्द आळीत कोर्टाचा.

कस्तुराबाईला मात्र खरंच काही वाटत नव्हतं. रडू दाबून ठेवलंय म्हणावं तर तसंही नाही. भाकरी भाजताना तव्याचा चटका बसला तरी तो कुणा दुसरीच्या बोटाला बसल्यासारखा लागे. सकाळी उठायचं, पडवीत जायचं, इंजिन चालू करायचं, लोकांचं भात सडून द्यायचं. पंधरा वर्षं दोघांनी मिळून केलेलं काम आता ती एकटी करत होती, एवढाच काय तो फरक.

इंजिन तेलावर चालणारं, उभं, एका सिलिंडरचं. लोणावळ्याला एका शेठच्या बंगल्यावर ते विहिरीचं पाणी ओढायचं. शेठनं नवं आणलं तेव्हा दत्तोबानं जुनं बैलगाडीत घालून आणलं, घराच्या पडवीत बसवलं आणि भाताची गिरणी काढली. दत्तोबा माणूस असा अबोल, की इंजिनच त्याच्या वाट्याचं बोलून घेई.

मार्गशीर्षात, नवं भात दारात येऊन पडलं आणि इंजिन फुसफुसायला लागलं. वरचं हेड आणि खालचं सिलिंडर यांच्या फटीतून वारा सुटू लागला, पाण्याच्या टाकीत बुडबुडे येऊ लागले आणि एका सकाळी हँडल कितीही मारलं तरी इंजिन पेटेना. हेडाखालचं तांब्याचं पॅकिंग गेलं होतं. लढाईचे दिवस. नवं पॅकिंग पुण्यात नाही, मुंबईत नाही.

तिसऱ्या दिवशी वलवणहून तिचा दीर भिमाजी आला. बरोबर कोंडाजी नावाचा, जुनं लोखंड मोडीत घेणारा व्यापारी. कोंडाजीनं इंजिनाला एक फेरी मारली आणि म्हैस बघावी तशी चाकावर थाप दिली.

"वैनी, हे काय आता चालायचं न्हाई," भिमाजी म्हणाला. "लोखंडाला भाव हाय तवर देऊन टाकू. तुमी चला वलवणला. चार माणसांत पाचवं."

भिमाजी वाईट माणूस नव्हता. पण त्याच्या घरी पाचवं माणूस म्हणजे काय, हे आळीला ठाऊक होतं. त्याची बायको मीठसुद्धा स्वतःच्या हातानं वाढायची. एकदा का इंजिन गेलं, की कस्तुराबाईचं घर गेलं, चूल गेली, उरलेला जन्म जावेच्या चुलीपुढं. कस्तुराबाईलाही ते दिसत होतं. दिसत होतं, पण त्याची भीती वाटायला हवी तशी वाटत नव्हती.

"बाजाराच्या दिवसापर्यंत थांबा, भावजी," ती म्हणाली. "तवर न्हाई चाललं तर न्या."

"चालवणार कोण?"

"बघते."

बाजाराला चार दिवस होते. कोंडाजी गाडी घेऊन येतो म्हणाला, आणि गेला.

दुसऱ्या दिवशी तिनं पडवीच्या तुळईला दोर बांधला, सहाही नट सोडले आणि दोरानं हेड वर उचललं. पॅकिंग सोलून काढलं. ते फाटलं नव्हतं, नुसतं दबून कडक झालं होतं. कडक तांबं लाल तापवून पाण्यात बुडवलं की मऊ पडतं, हे तिला माहीत होतं. दत्तोबाचं पॅकिंग नेहमी तिच्याच चुलीत तापायचं, भाकरी थांबवून.

अंबूबाई दारातून डोकावली. "काय गं कस्तुरे, धनी गेला म्हणून आता पत्रे भाजून खाती काय?"

"तुला देऊ एक?"

"नगं बाई. मला दात हायेत ते राहू देत."

मऊ झालेलं पॅकिंग तिनं तेल लावून बसवलं, हेड खाली सोडलं आणि पाना घेऊन नट आवळायला लागली. कुठून सुरुवात करायची याचा तिनं विचारच केला नाही. देवळात उजवीकडून फिरतात तशी ती इंजिनाभोवती फिरली, एक नट पक्का, मग त्याच्या शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. सहावा आवळून झाला तेव्हा एक प्रदक्षिणा पुरी झाली. मनोभावे केली होती, फळ मात्र मिळालं नाही. हँडल मारल्यावर इंजिन दोनदा खोकलं आणि फटीतून पुन्हा फुस्स.

"देव पावला न्हाई वाटतं," अंबूबाई म्हणाली, आणि ती बातमी नदीच्या घाटापर्यंत पोचवून आली.

कस्तुराबाईनं हेड पुन्हा उचललं. पॅकिंगवर एकाच बाजूला, शेवटच्या दोन नटांपाशी, काळा ओघळ होता. पहिली बाजू आधीच चेपली, दुसरी उचलली गेली. मग दत्तोबा कसं आवळायचा? तिनं आठवून पाहिलं. त्याचे हात आठवेनात. मग चेहरा आठवून पाहिला, तर तोही धड येईना. त्याचंही वाईट वाटलं नाही.

पडवीला खिडकी नव्हती, भर दुपारी कंदील लागे. तो तिनं खुंटीवरून काढला, हातात धरला आणि तिचे पायच हलले. डाव्या अंगाला गेली. तिथून थेट समोर, उजव्या अंगाला. परत डाव्या अंगाला, पण एक पाऊल पुढं. परत समोर. दत्तोबा नट आवळायचा तेव्हा कंदील तिच्या हातात असायचा, आणि ती दर वेळी कुरकुरायची, "एक बाजू उरकून घ्या की, मला काय माकडावानी नाचवताय?" तो काही बोलायचा नाही, नुसता कंदील कुठं धरायचा ते बोटानं दाखवायचा. हात त्याचे होते, पण चालली ती होती. पंधरा वर्षांत किती वेळा, कोण जाणे.

पॅकिंग तिनं पुन्हा तापवलं, बुडवलं, बसवलं. मग कंदील जिथं जिथं जाऊन थांबत होता, तिथला नट आवळला. पहिल्या खेपेला हलकेच, दुसऱ्या खेपेला जरा जोरानं, तिसऱ्या खेपेला पान्यात लोखंडी नळी घालून, सगळं अंग टाकून. बाजाराच्या आदल्या दिवशी संध्याकाळ झाली तेव्हा हाताला फोड आले होते, हँडल धरवत नव्हतं. तिनं त्यांना तेल लावलं आणि भात जेवून झोपली.

बाजाराच्या दिवशी कोंडाजी गाडी घेऊन हजर. भिमाजीनं बरोबर दोर आणले होते. आळीतले रिकामटेकडे तर होतेच, काम असलेलेही आले. कस्तुराबाईनं दाब सोडायचा खटका वर केला आणि अंबूबाईला हाक मारली.

"इकडं ये. हँडलाला हात लाव."

"मी?"

"चार म्हैने तोंड चालवतीस, आज हात चालव."

अंबूबाई आली. दोघींनी हँडल फिरवलं, चाकानं वेग धरला, कस्तुराबाईनं खटका खाली पाडला. धुराड्यातून एक काळा गोळा सुटला, मग दुसरा, आणि मग इंजिन आपल्या जुन्या ठेक्यावर धडधडायला लागलं. ती फटीपाशी वाकली, गालाजवळ तळहात धरून चारी बाजूंनी वारा लागतो का पाहिलं. लागला नाही.

कोंडाजीनं पागोटं मागं सारलं. "बाई, चालतं इंजिन असंल तर भाव येगळा. जास्त देतो."

भिमाजीचा चेहरा उजळला. "ऐकलंत का, वैनी?"

तिनं ऐकलं. आनंद झाला का, ते तिला सांगता आलं नसतं. दारात अंबूबाईचं पोतं पडलं होतं, त्याच्यामागं आणखी सात-आठ. तिनं कोंडाजीकडं पाहिलंच नाही.

"भावजी," ती म्हणाली, "दोर खाली ठेवा आन् तेवढा गिरणीचा पट्टा चढवा. भात खोळंबलंय."

भिमाजीनं दोर खाली ठेवून पट्ट्याला हात घातला.