त्याच दिवशी खायची मिठाई

मला कुणी थांबायला सांगितलं की माझं डोकं फिरतं. रांगेत, सिग्नलला, लिफ्टपाशी, कुठंही. आई म्हणायची, ही जन्मलीसुद्धा डॉक्टर हातमोजे घालायच्या आत. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे लिहिणार आहे त्यात माझ्याबद्दल फार चांगलं मत व्हावं असं काही नाही.

गेल्या हिवाळ्यात आई तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे दुबईला आली. बाबांना गुडघ्यांमुळं विमानाचा प्रवास नको होता, ते पुण्यात माझ्या भावाच्या देखरेखीखाली राहिले. आम्ही जेएलटी नावाच्या वस्तीत राहतो आणि माझं ऑफिस अबुधाबीला. सकाळी सहाला निघते ती रात्री आठला उगवते. नवऱ्याचं काम त्याच्या जागी, मुलगी अकरा वर्षांची, शाळा आणि त्यामागं तीन क्लास. आईचा दिवस कसा जाणार याची मला काळजी होती. खरं सांगायचं तर काळजीपेक्षा वैताग जास्त होता, की आता हिला रोज कुठंतरी फिरवायला लागणार.

तशी वेळ आलीच नाही. पहिल्याच आठवड्यात ती कोथिंबीर आणायला म्हणून तळ्यापलीकडच्या मार्केटमध्ये गेली आणि एक पुठ्ठ्याचा डबा घेऊन आली. मार्केटच्या कोपऱ्यात एका जपानी बाईंचं मिठाईचं छोटंसं दुकान आहे. आईच्याच वयाच्या त्या बाई मागं बसून मिठाई करतात, त्यांची लेक पुढं काचेच्या कपाटापाशी विकते. डब्यात पिठूळलेले पांढरे, गुलाबी गोळे होते. मी त्याचं नाव मोची असं सांगितलं तेव्हा आई हसायला लागली. आपल्याकडं मोची चपला शिवतो, मी नाही असलं नाव घेणार, म्हणाली आणि शेवटपर्यंत त्यांना तांदळाचे मोदकच म्हणत राहिली. डब्याला तीस दिरहम पडले होते. म्हणजे सातशे रुपये की गं, असं स्वतःशीच मोठ्यानं म्हणून झालं, आणि पुढच्या दिवसापासून ती दोनच आणायला लागली.

आईचं उकडीशी जुनं नातं होतं. पुण्याच्या आमच्या सोसायटीत गणपतीच्या आदल्या दिवशी बायका तिला उकड दाखवायला बोलवायच्या. ती चिमूटभर उकड दोन बोटांत दाबायची आणि पाणी जास्त झालंय की तांदूळच नवा आहे ते सांगायची. तेच तिनं त्या दुकानात केलं. मागं बसलेल्या बाईंना खुणेनं विचारून तिनं त्यांच्या पिठाचा एवढासा गोळा घेतला, बोटांत दाबला आणि मान डोलावली. मग त्याची पारी करून मुखऱ्या पाडून दाखवल्या. बाईंनी म्हणे हातातलं काम टाकलं आणि तो इवलासा मोदक वरच्या फळीवर ठेवून दिला. त्या दिवसापासून ती रोज अकराच्या सुमारास तिथं जाऊन बसायची. ही मराठीत बोलायची, त्या जपानीत. कुणाचं काही अडत नव्हतं.

रात्री मी आले की आई मिठाई पुढं करायची. आधी देवापुढं ठेवायची, मग घरातलं माणूस येईपर्यंत तोंड लावायचं नाही, हा तिचा आयुष्यभराचा नेम. त्यात मी पहिल्या दिवशीच तिला दरडावलं होतं की इथं काहीही बाहेर ठेवायचं नाही, सगळं फ्रिजमध्ये. ती म्हणाली, अगं, उकड कुणी फ्रिजमध्ये ठेवतं का? त्या बाईंनीसुद्धा हात हलवून नको-नको केलं होतं, त्याच दिवशी खायचं म्हणून लेकीकरवी दहादा सांगितलं होतं. पण मी म्हटलं, हे पुणे नाही. घर माझं, फ्रिज माझा. आईनं मुकाट्यानं ठेवायला सुरुवात केली.

फ्रिजमधून आठ-नऊ तासांनी निघालेली ती मिठाई चामड्यासारखी व्हायची. मी एक तुकडा चावायचे, तोंड वाकडं करायचे आणि बशी सरकवायचे. उरलेली आई खायची. बसून, सावकाश, एका बाजूच्या दाढांनी, कारण दुसऱ्या बाजूला तिच्या दाढा नव्हत्या. मला वाटायचं तिला आवडतं तसंच.

असंच एकदा मी बशी सरकवल्यावर ती म्हणाली,

"तू ताजं खाल्लंच नाहीस ना, म्हणून. एकदा चल माझ्याबरोबर. तिथंच बसून खाऊ, दोघीच."

मी म्हटलं, शनिवारी जाऊ.

तीन महिन्यांत किती शनिवार येतात ते मोजायचं धाडस मी करत नाही. एका शनिवारी मुलीची पोहण्याची स्पर्धा होती, एकदा नवऱ्याचे मित्र जेवायला, एकदा मला नुसतंच झोपायचं होतं. दर वेळी आई म्हणायची, बरं, पुढच्या. तिनं दुसरं काहीही मागितलं नाही. उंच इमारत बघायची नाही, वाळवंटात जायचं नाही, सोनं तर नाहीच. मागितलं ते घरापासून दहा मिनिटांवर.

शेवटच्या शनिवारी मात्र मी शब्द दिला. दुसऱ्या दिवशी तिचं विमान होतं. मुलीला क्लासला सोडते आणि तशीच मार्केटला येते, पाचला तू तिथं थांब, असं मीच सांगितलं. क्लासवरून निघाले तेव्हा आठवलं की सामानात द्यायच्या वस्तू राहिल्यात. इथून पुण्याला जाणारं माणूस रिकाम्या हातानं गेलं तर नातेवाईक काय म्हणतील, या भीतीवर निम्मं आखात चालतं. बदाम, पिस्ते, केशर, काकूला अत्तर, भावजयीला पर्स. आईच्या बॅगेत सात किलोंची जागा होती आणि ती सात किलो भरल्याशिवाय मला चैन पडणार नव्हती. सात वाजता गाडीतून फोन केला. आई, आज राहू दे, पुढच्या वेळी येशील तेव्हा पहिल्याच दिवशी जाऊ, म्हटलं.

"हो, हो. माझं खाऊन झालं," ती म्हणाली. "तू सावकाश ये."

दुसऱ्या दिवशी तिला विमानतळावर सोडलं. आत जाताना तिनं दोनदा मागं वळून पाहिलं, आणि मी पार्किंगचे पैसे चढतायत म्हणून हातानंच जा, जा केलं. घरी येऊन फ्रिज उघडला तर खालच्या कप्प्यात मिठाईचा तो डबा. आत दोन गोळे, दगड झालेले. मला रागच आला. इतकं सांगूनही शिळं साठवायची सवय जात नाही, असं पुटपुटत मी डबा कचऱ्यात टाकला.

आई त्यानंतर सहा आठवड्यांनी गेली. सकाळी चहा टाकला होता, उतू गेला म्हणून बाबा स्वयंपाकघरात गेले तर ती खाली पडलेली. मी दुपारच्या विमानानं निघाले. त्या दिवशी मात्र मला कशाचीही घाई नव्हती. विमान उतरू नये, हवेतच राहावं असं वाटत होतं.

दहाव्याला घाटावर गेलो. भावानं पिंड ठेवले, आम्ही सगळे मागं सरकलो. समोरच्या झाडावर कावळे होते, पण एकही खाली येईना. दहा मिनिटं झाली, वीस झाली. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर बोला. काकू म्हणाली, नातीच्या लग्नाचं आम्ही सगळे बघू. कावळे ढिम्म. मावशी म्हणाली, तिची भिशी मी पुढं चालवते. त्या तशा वेळेलाही दोघी-तिघींना हसू आलं. कावळा हलला नाही.

मला माहीत होतं. त्या घाटावर उभ्या असलेल्या पंचवीस माणसांत फक्त मलाच माहीत होतं. मी पुढं होऊन म्हणायचं होतं, आई, मी तुझ्याबरोबर येते, तिथंच बसून खाऊ. पण एवढ्या लोकांसमोर जपानी मिठाईचं नाव कसं घ्यायचं? लोक काय म्हणतील? आणि मेलेल्या माणसाला शनिवारी येते म्हणून कसं सांगायचं? तरी मी ठरवलं. पदर सावरला, चप्पल काढली, एक पाऊल पुढं टाकलं. तेवढ्यात भाऊ म्हणाला,

"आई, बाबांना आजच माझ्याकडे नेतो. एकटं ठेवणार नाही."

एक कावळा उतरला आणि पिंडाला शिवला.

सगळ्यांनी हात जोडले. जीव बाबांत अडकला होता तिचा, असं मावशी म्हणाली. मला आधी सुटल्यासारखं वाटलं, की बोलायची वेळ आली नाही. चप्पल पुन्हा पायात घातली. गाडीत बसल्यावर हळूहळू कळत गेलं. कावळा माझ्यासाठी थांबलाच नव्हता. आईचा जीव माझ्या त्या शनिवारात अडकलेलाच नव्हता. तिनं ती आशा जिवंतपणीच सोडून दिली होती, आणि मेल्यावर तिला माझ्याकडून काहीच नको होतं. यापेक्षा कावळा दिवसभर उपाशी बसला असता तर बरं झालं असतं. मी भावाशी चार दिवस धड बोलले नाही. त्या बिचाऱ्याला अजून कारण ठाऊक नाही.

दुबईला परतल्यावर पहिल्याच शनिवारी मी मार्केटला गेले. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय. काचेपलीकडच्या लेकीला मी इंग्रजीत सांगितलं की इथं रोज यायच्या त्या माझी आई. ती माझ्याकडं बघत म्हणाली, म्हणजे दोन बश्यांवाली मुलगी तुम्ही.

मला कळेना. मग तिनं सांगितलं. शेवटच्या दिवशी आई चारलाच आली होती. नवी साडी नेसून. बाईंना तिनं दोन बोटं दाखवली, मग स्वतःकडं आणि दाराकडं हात केला. बाईंनी तिच्यासाठी पाचच्या ठोक्याला दोन गरम गोळे वळले, दोन बश्यांत ठेवले. आई बाकावर बसली. लेकीनं दोनदा म्हटलं, तुमचं तरी खाऊन घ्या, आता मऊ आहे. आईनं दोन्ही वेळा दाराकडं बोट दाखवलं. सात वाजता फोन आला. बोलून झाल्यावर तिनं दोन्ही गोळे स्वतःच्या हातानं डब्यात भरले, बाईंना वाकून नमस्कार केला आणि गेली.

माझं खाऊन झालं, असं ती मला म्हणाली होती.

मी त्या लेकीला सांगितलं की आई आता नाही. तिनं मागं वळून आपल्या आईला हलक्या आवाजात सांगितलं. बाईंचे हात पिठात होते, ते तसेच थांबले. मग त्यांनी वरच्या फळीकडं पाहिलं. आईनं केलेला तो इवलासा मोदक तिथंच होता, वाळून तडकलेला. बाईंनी दोन गोळे वळले, दोन बश्यांत ठेवले आणि माझ्यासमोर आणून ठेवले.

मी बाकावर बसून एक खाल्ला. तो कोमट होता, आणि इतका मऊ की दातांना काही कामच नव्हतं. आतलं पुरण बेताचं गोड. कढईतून नुकती निघालेली उकड लहानपणी आई माझ्या तळहातावर ठेवायची, तूप घालून, तेच होतं ते. हे मला दाखवायला ती तीन महिने माझ्या मागं लागली होती. मी त्या मार्केटमध्ये सगळ्यांसमोर रडले. लोक काय म्हणतील ते तेव्हा आठवलं नाही.

दुसरा गोळा घरी आणला आणि आईच्या फोटोपुढं ठेवला. त्या दिवशी फ्रिजमध्ये ठेवला नाही. पण आमच्या घरात एसी चोवीस तास चालतो. संध्याकाळी मुलगी पोहून आली, तिला भूक लागली होती. तिनं बशीकडं बोट केलं.

"कॅन आय हॅव इट?"

मी म्हटलं, नको, कडक झाला असेल आता. ते त्याच दिवशी, ताजंच खायचं असतं.

"देन व्हाय डिड यू कीप इट?"

आजीसाठी, म्हणाले. ती आपल्या खोलीत गेली. मी बशी घेऊन जेवणाच्या टेबलापाशी बसले, आई बसायची त्याच खुर्चीवर, आणि तो गोळा खायला लागले. कडक झालाच होता. संपायला खूप वेळ लागला.