उषाबाईच्या छातीतली मोठी गाठ

पिंपळगाव रेणुकाईत उषाबाईचं नाव निघालं की अजूनही कुणीतरी म्हणतंच, "मरता मरता वाचली ती." वाचली हे खरं. पण तिला मारायला कोण निघालं होतं, ते मात्र हे गाव सांगत नाही.

जांब समर्थची ही पोर पिंपळगावच्या कडूबाला दिली होती. मिरची तोडण्यात तिचा हात धरणारं शिवारात कुणी नव्हतं. एकच लेकरू आणि तेही मुलगी, ही सासूच्या, म्हणजे द्वारकाबाईच्या मते तिची पहिली चूक. एकतिसाव्या वर्षी उजव्या छातीत गाठ आली, ही दुसरी.

ते दोन हजार पाच साल. औरंगाबादच्या डॉक्टरीणबाईंनी सुई घालून तपासलं, तर कॅन्सर निघाला. "तुमचं वय कमी आहे," त्या म्हणाल्या. "या वयात छाती दाट असते. साध्या फोटोत गाठ कुठवर गेलीय ते कळत नाही. एमआरआय करू, मग किती कापायचं ते ठरवू."

दंडात औषध टोचून उषाबाईला पालथं झोपवलं, छाती दोन खळग्यांत सोडली आणि यंत्रात सरकवलं. यंत्र ठणाणा करत होतं आणि ही रेणुकाईला एकच मागत होती, सगळी कापू देऊ नको. कडूबा कसा माणूस आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. अर्धी होऊन घरी गेलो तर आपल्याला त्या घरात जागा नाही, हेही.

रेणुकाईनं ऐकलं म्हणायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गाठ एकच आहे, लिंबाएवढीसुद्धा नाही. तेवढी काढू, नंतर किरणांचा शेक देऊ. छाती राहील. पण पोळा झाला की लगेच या."

आता गावाची रीत अशी, की कुणाचीही फिल्म आली की ती चार माणसांत उन्हाला धरून बघायची. रिपोर्ट इंग्रजीत, तो कोण वाचतो? फिल्म मात्र सगळ्यांना वाचता येते. कडूबानं ती मच्छिंद्राच्या चहाच्या हॉटेलात नेली. बाईचा पदर ढळला तर ज्या गावात बोभाटा होतो, त्या गावातल्या बाप्यांनी उषाबाईची छाती चहाचे घोट घेत पाहिली. ती समोरच्या गिरणीत दळणाचा डबा घेऊन उभी होती. तिनं पदर आणखी ओढून घेतला. दुसरं काय करणार होती?

"लिंबाएवढी म्हणून राह्यले व्हय डाक्टर?" मच्छिंद्र म्हणाला. "मंग हे डाव्या अंगाला आत काय हाय? मुठीएवढं, पांढरंफेक. लपवलं तुझ्यापासून, कडूबा."

"मंग खर्चा करून बी वाचायची न्हाई?"

"बिलकुल न्हाई."

घरी उषाबाई म्हणाली, "आवं, बाईंनी एकच सांगितली."

"आख्ख्या गावाला दिसली, अन् तुला त्या बाईचं खरं वाटतं?"

पोळा होऊन गेला. तिचं ताट वेगळं झालं. हळूहळू तिलाही गावाचंच खरं वाटू लागलं. एक दिवस मिरच्यांचे देठ खुडता खुडता द्वारकाबाई सरळ म्हणाली, "तुझ्यामागं पोरीला आई लागंल. तूच सांग कोन बरी." माणसानं किती निर्दय व्हावं! आणि ही खुळी विचार करून म्हणाली, "आत्याबाई, वरच्या आळीची पुष्पा बघा. लेकरांना जीव लावती."

दिवाळीत तिचा भाऊ बद्रीनाथ भाऊबीजेला न्यायला आला. बहिणीची दशा पाहून तो कुणाला न विचारता तिला औरंगाबादला घेऊन गेला. पोर मात्र द्वारकाबाईनं ठेवून घेतली. म्हणे रोग लागेल.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा एमआरआय केला. गाठ वाढली होती, बाजूला आणखी दोन आल्या होत्या. "आता छाती वाचत नाही," त्या म्हणाल्या. "सगळी काढावी लागेल. तेव्हा का नाही आलात?"

"बाई, अन् ती मोठी कवा काढनार?"

"कुठली मोठी?"

उषाबाईनं जुनी फिल्म लावायला सांगितली आणि डावीकडच्या त्या पांढऱ्या गोळ्यावर बोट ठेवलं. 

"ते तुमचं काळीज आहे," त्या म्हणाल्या. "औषधानं असं पांढरं दिसतं. सगळ्यांचंच दिसतं."

बद्रीनाथ तोंड फिरवून रडला. उषाबाई बोट तसंच ठेवून बसून राहिली.

छाती गेली, पुढच्या औषधांनी केस गेले, जीव राहिला. बरं वाटेपर्यंत ती माहेरी होती. उन्हाळ्यात बद्रीनाथानं तिला पिंपळगावला आणून सोडलं, तेव्हा पुष्पाच्या गळ्यात कडूबाचं मंगळसूत्र होतं. काळजाची गोष्ट बद्रीनाथानं सांगितली, तर कडूबा म्हणाला, "दिसत तर गाठच व्हती," आणि चपला घालून बाहेर गेला.

द्वारकाबाई उंबऱ्यातून हलली नाही. "आता तू वाचलीस त्याला आमी काय करावं?" ती म्हणाली. "पुष्पा तूच दावली व्हतीस."

उषाबाईची नजर तिच्यामागं घरात गेली. ती पोरीला शोधत होती. तीन वर्षांची कौसल्या पुष्पाच्या लुगड्याआड उभी राहून तिच्या बोडक्या डोक्याकडं बघत होती. उषाबाईनं हात पुढं केले, तशी ती आणखी मागं सरली.

"आई," तिनं पुष्पाला विचारलं, "ही बाई कोन हाय?"